टाक्याच्या कोपऱ्यावर

वाडीचं नाव मी लिहिणार नाही. विचारू नका. लोहगडवाडीला रविवारी गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून चिडलेली जी मंडळी असतात, ती पुढच्या रविवारी पत्ता शोधत तिथे पोचतील, टाक्यात पाय सोडून बसतील आणि वेफर्सची पाकिटं तिथेच टाकून परत येतील. ते पाणी लोक पितात. एवढं सांगितलं तरी पुरे.

मी सोलापूरची. आमचा सहा जणांचा गट आहे. जुन्या विहिरी, बारवा, टाकी बुजवायला कोणी निघालं की आम्ही आडवे पडतो. पत्रकं मी लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहितेय, त्यामुळे माझं साधं बोलणंही मथळ्यासारखं होतं अशी घरच्यांची तक्रार आहे. गेल्या दोन वर्षांत पत्रकाच्या जोडीला मी एक नवं हत्यार शिकले: फोटोंवरून जागा जशीच्या तशी संगणकात उभी करणं.

याचं नाव इंग्रजीत भारी आहे म्हणून लोक घाबरतात. घाबरू नका. एक डोळा मिटा आणि नाकासमोर बोट धरा. आता तो डोळा उघडून दुसरा मिटा. बोट सरकलं ना? मागची भिंत मात्र फारशी सरकली नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. या एवढ्याशा गोष्टीवर सगळा खेळ आहे. वस्तूभोवती फिरत शेदोनशे फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग यायला हवा. मग प्रोग्राम दगडावरचा डाग, तडा, शेवाळाचा ठिपका अशा खुणा धरतो, तीच खूण पुढच्या फोटोत किती सरकली ते बघतो आणि त्यावरून खोली काढतो. शेवटी पडद्यावर ती जागा उभी राहते. तिच्याभोवती फिरता येतं, आत उतरता येतं, मापं घेता येतात. कागदावर 'इथे काही नाही' असं लिहिणाऱ्यांच्या तोंडावर मारायला याच्याइतकी चांगली वस्तू मला अजून सापडलेली नाही.

मावळातल्या त्या वाडीबद्दल असंच लिहिलं होतं. वाडीच्या वरच्या पठारावर बंगल्यांची स्कीम येतेय, आणि तिचा रस्ता जातो टाक्यावरून. कंपनीच्या अहवालात टाक्याला 'पावसाळी पाणी साचणारा नैसर्गिक खड्डा' म्हटलंय. खड्डा असेल तर बुजवायला कोणाची हरकत? हे मला फोनवर सांगितलं वैशालीनं. ती वाडीचीच मुलगी, वराळ्याला खोली घेऊन राहते आणि तिथल्याच एका कारखान्यात नोकरी करते. मंगळवारी वडगावला त्या रस्त्याबद्दल सुनावणी होती.

"तारीख पुढं ढकलणार न्हाईत ताई," ती म्हणाली. "तुमी या."

मी त्याच दिवशी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यासाठी तिला मजकूर पाठवला: 'आपले टाके आता जगाला दिसणार! शनिवारी छायाचित्रण. सर्वांनी जोमाने तयारी करावी!' दोन उद्गारचिन्हं. ती दोन उद्गारचिन्हं मला पुढे फार महागात पडली.

लोणावळा, शुक्रवार

लोणावळ्यात चिक्कीची दुकानं एकमेकांना खेटून आहेत आणि प्रत्येक दुकान तेच खरं आणि जुनं. मी तीन दुकानांत नमुन्याचे तुकडे खाल्ले. आमच्या शेंगाचटणीच्या गावाहून आलेल्या माणसाला शेंगदाण्याचं कौतुक कोणी सांगू नये, पण राजगिऱ्याची चिक्की चांगली होती हे मान्य करते.

त्या स्कीमचं ऑफिस बाजारापासून जवळच आहे. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर धुक्यातले बंगले. गिऱ्हाईक बनून गेले नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. "बघायला आलेय," एवढंच म्हटलं आणि ते खरंच होतं. टाय लावलेल्या मुलानं माझ्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला आणि मी एकदम पठारावर उभी राहिले. हिरवळ. निळा तलाव, त्यात एक बाई पोहतेय. मान वळवली की दरी, वर बघितलं की ढग. खोटं सांगत नाही, छान होतं. मी चालत कड्याच्या दिशेला गेले, जिथे खाली वाडी असायला हवी होती. तिथे झाडी होती. एकसारखी, कंगव्यानं विंचरल्यासारखी झाडी.

"इथली वाडी कुठे गेली?" मी विचारलं.

"व्ह्यू पूर्ण मोकळा आहे मॅडम," तो आनंदानं म्हणाला.

सदतीस उंबरे त्या पोराच्या कंपनीनं एका चष्म्यात पुसून टाकले होते, आणि तो मला पाण्याची बाटली देत होता. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. संताप आला की मला भूक लागते. चौथ्या दुकानात चिक्की विकत घेतली.

वाडी, शनिवार

मळवलीहून पुढचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. जीप, मग पाय. वैशालीनं सुट्टी काढली होती, ती पुढे आणि मी मागे. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या हिरव्या करवंदांनी लगडलेल्या. एप्रिल अर्धा सरला होता. आमच्याकडे या दिवसांत उन्हानं डोळे उघडत नाहीत. इथे सावलीत अजून गारवा होता. पण खालचा ओढा कोरडा ठाक. हे मला मावळाचं कळतच नाही. सोलापुरात पाऊस नाही म्हणून नळाला तीनचार दिवसांआड पाणी येतं, ते मी समजू शकते. इथे पावसाळ्यात चार महिने छपरावर पाणी बडवतं आणि उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन डोंगर चढतात.

वाडीच्या वर दहा मिनिटांच्या चढावर टाकं आहे. वळण घेतलं आणि मी थांबले.

टाकं पांढरंशुभ्र होतं.

चुना. काठाला चुना, पायऱ्यांना चुना, आतल्या भिंतींना पाण्याच्या पातळीपर्यंत चुना, वरून गेरूचे पट्टे, आणि पट्ट्यांवर झेंडूच्या माळा. शेवाळ खरवडून काढलेलं. छिन्नीचे घाव, दगडातल्या शिरा, ज्यांच्यासाठी मी सोलापूरहून आले होते ते सगळं दोन हातांच्या चुन्याखाली गेलेलं. बाजूला दगडूआबा उभे होते, वाडीत वयानं मोठे, फेटा नवा, हातात नारळ.

"या ताई! बगा, कसं झालंय? दोन दीस लागली हुती समदी वाडी."

"हे काय केलंत आबा!" मी ओरडले. हो, ओरडलेच. "पांढऱ्या भिंतीवर एक खूण नाही! प्रोग्रामला पकडायला काही लागतं! हे टाकं वाटत नाही, आंघोळीची मोरी वाटतेय! ते म्हणतील मागच्या आठवड्यात बांधलं!"

माळा लावणाऱ्या बायांनी हातातल्या माळा खाली ठेवल्या. आबांचा नारळाचा हात खाली आला. टाक्याच्या कोपऱ्यावर एक सपाट धोंडा आहे, त्यावर एक बाई बसली होती, साठीच्या पुढची, हिरव्या लुगड्यातली. ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली:

"का गं, तुज्या घरी पाव्हणं येनार असलं तर तू घर घाण ठिवतीस व्हय?"

"तसं नाही मावशी, पण..."

"पन काय? तूच लिवलंस की, जोमानं तयारी करा म्हून. शाळेत साहेब यायचा असला की आमी शाळा रंगवतो. जग बगनार म्हनलीस. जगाला काय शेवाळ दावायचं?"

ही सुभद्रामावशी. वैशालीची आई. माझ्या पत्रकाचा असा सरळ जाब मला आजवर कोणी विचारला नव्हता. चूक माझी होती आणि ती दोन उद्गारचिन्हांसकट ग्रुपवर पडून होती.

धुऊन काढावं म्हटलं, तर चुन्याचं पाणी टाक्यात उतरणार. तेच प्यायचं पाणी. तो विषय तिथेच संपला. मी आबांची माफी मागितली. आबांनी नारळ फोडला आणि मला खोबऱ्याचा मोठा तुकडा दिला, म्हणजे माफी मिळाली असं मी धरलं.

दुपारी मावशीच्या घरी जेवण. इंद्रायणीचा चिकट भात, घेवड्याची आमटी, सुकटीची चटणी. मला वाटलं भाकरी पुढे येईल. पुन्हा भात आला.

"भाकरी नाही का?"

"आजारी हायस काय?" मावशी म्हणाली.

आमच्याकडे भाताला कोणी जेवण म्हणत नाही, इथे भाकरी फक्त आजाऱ्यालाच देतात की काय देव जाणे. तिसऱ्या वाढणीला मी हात आडवा धरला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. फ्रेममध्ये वैशालीच्या थोरल्या भावाच्या लग्नाचा फोटो. नवरी डोक्यावर कळशी घेऊन उभी, आणि तिच्या मागे टाकं. चुन्याशिवायचं. काळं, शेवाळलेलं, पायरी न पायरी दिसणारं.

"हा फोटो टाक्यावर का काढलाय?"

"नवरीनं पयली कळशी टाक्यावर भरायची असती. समद्यांचे हायेत की."

"समद्यांचे म्हणजे?"

"म्हंजी जेवड्या सुना आल्या तेवड्यांचे."

मी उष्ट्या हातानं उभी राहिले.

तुमच्या लक्षात आलं असेल. मी नवे फोटो काढू शकत नव्हते, पण जुने होते. प्रत्येक लग्नात कोणी पायरीवर उभं राहून काढलेला, कोणी काठावर चढून, कोणाचा करवलीनं खालून घेतलेला. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कोनांतून. आणि सगळे चुन्याच्या आधीचे, म्हणजे कोणी 'काल बांधलं' म्हणूच शकत नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही घरोघर फिरलो. फोनमधले फोटो, अल्बममधले फोटो, काचेच्या फ्रेममधले फोटो. काचेवर माझंच तोंड चमकायचं म्हणून एका घरानं फ्रेम उचकटून दिली. एका सुनेनं फक्त एकच अट घातली: "माजा फोटो कुटं लावू नका, त्यात माजा डोळा मिटलाय."

"तुम्ही त्यात राहणारच नाही," मी म्हटलं. "माणसं हलतात ना, प्रोग्राम हलणारं सगळं टाकून देतो. दगड तेवढा ठेवतो."

"बरंय," ती म्हणाली. "सासूबाई बी जातील मग."

खालची वस्ती, रविवार

टाक्याला दोन वाटा आहेत. वरची वाडी चढून येते ती पायऱ्यांच्या बाजूला. खालची वस्ती बौद्ध घरांची, ती वेगळ्या वाटेनं, डोंगराला वळसा घालून दुसऱ्या बाजूला येते. त्या बाजूला टाक्याचं तोंड कड्याच्या आत कोरलेलं आहे आणि छताखाली दोन बुटके खांब आहेत. पायऱ्यांवरून ते दिसत नाहीत. उरलेल्या एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरीची धार. पायऱ्यांची बाजू आणि खांबांची बाजू एकमेकींना भेटतात फक्त त्या कोपऱ्यावर, मावशीच्या धोंड्यापाशी.

खांब! नैसर्गिक खड्ड्याला खांब असतात का कधी? मला ते हवेच होते, आणि चुना तिथेही पोचला होता.

गौतमभाऊ वस्तीत राहतात. रेल्वेत होते, लोणावळ्याहून निवृत्त झाले. ओट्यावर इन्व्हर्टर, त्यामुळे माझं बस्तान तिथेच बसलं. त्यांनी पेटीतून फोटो काढले: दर भीमजयंतीला वस्ती टाकं साफ करते आणि खांबांपुढे उभी राहून फोटो काढते. निळे झेंडे, मागे काळे खांब. कितीतरी वर्षांचे.

"दोन वाटा का?" मी विचारलंच. मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

"आमच्या आज्याच्या वक्ताला आमी टाक्याला हात लावायचा न्हाई. कड्यातनं पन्हळीनं गळेल त्ये भरायचं. आता तसं काय न्हाई, कुनी अडवत न्हाई. पन वाट हाय तीच राहिली."

ते हे इतक्या सरळ सुरात म्हणाले की मी माझं तयार भाषण गुंडाळून ठेवलं. मी सगळे फोटो लॅपटॉपवर घातले, खुणा जुळवायला सुरुवात केली आणि आम्ही कोरा चहा पीत बसलो. दुपारी दोनपर्यंत पडद्यावर ठिपके उमटायला लागले. आधी धूळ, मग धुळीतून पायऱ्या. एक, दोन, सात पायऱ्या! नवऱ्या गळून गेल्या होत्या, कुठे शालूचा लाल धूर उरला होता तेवढाच. मी ओट्यावर उडी मारली.

मग दुसरी खिडकी उघडली. तिच्यात खांब होते. पायऱ्या नव्हत्या.

दोन वेगळे तुकडे. प्रोग्राम म्हणत होता की ह्या दोन वेगळ्या जागा आहेत. वरच्या वाडीच्या एकाही फोटोत खांब नव्हता, खालच्या वस्तीच्या एकाही फोटोत पायरी नव्हती. दोघांना जोडेल असा, कोपऱ्यावरून दोन्हीकडे बघणारा फोटोच कोणी काढला नव्हता. इतक्या वर्षांत. एकदाही.

गौतमभाऊंनी चष्मा सावरून दोन्ही खिडक्या बघितल्या.

"तुजा कंप्युटर बी आमच्याच गावचा दिसतोय," ते म्हणाले. "दोन तुकडं केलंन बग."

मला राग आला होता, आणि कोणावर ते ठरेना. हातानं दोन तुकडे चिकटवता आले असते, अंदाजानं. पण अंदाजानं जोडलेलं मंगळवारी कोणीही एका वाक्यात उडवलं असतं. मी वैशालीला विचारलं, कोपऱ्यावर कोणी उभं राहत नाही का?

"उभं न्हाई राहत. बसती. आई बसती."

मग कपाळाला हात लावून म्हणाली, "ताई, माज्याकडं व्हिडिओ हाय."

वराळे, सोमवार

वराळं वाढतंय. शेतात इमारती, इमारतींत अर्धी खोली भाड्यानं. वैशालीची खोली तिसऱ्या मजल्यावर, तिघी मिळून. तिच्या खणात जुना फोन होता, काच फुटलेला. गेल्या मे महिन्यात तो नवा असताना तिनं आईचा व्हिडिओ काढला होता, स्टेटसला ठेवायला. फोन चार्ज व्हायला तासभर लागला. आम्ही बटाटेवडा खाऊन त्याच्याकडे टक लावून बसलो.

व्हिडिओ चालू झाला. सुभद्रामावशी धोंड्यावर बसलेली, गुडघ्यांवर हात. मागून वैशालीचा आवाज: "आई, हलू नको. आजाबात हलू नको." आणि फोन पायऱ्यांकडून सुरू होऊन हळूहळू मावशीभोवती, तिच्या पाठीमागूनही फिरत, कोपरा ओलांडून, खांबांपर्यंत गेला. मावशी खरंच हलली नाही. शेवटी फक्त ओठ हलवून म्हणाली, "झालं का? माणसं खोळंबल्यात."

आईचं कौतुक करावं म्हणून एका मुलीनं केलेली प्रदक्षिणा. त्यातून मी एकेक चित्र सुटं केलं, ढिगात टाकलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. संध्याकाळी एकच खिडकी उघडली. पायऱ्या, कोपरा, खांब. सलग. मी सात वर्षं पत्रकं लिहितेय, पण इतकं चोख वाक्य मला कधी जमलेलं नाही.

एकच भानगड होती. कोपऱ्यावर मावशीही होती. ती इतकी स्थिर बसली होती की प्रोग्रामनं तिला दगडच मानलं. हिरवट, थोडी वितळलेली, पण पदर, गुडघे, बोटं, सगळं ओळखू येत होतं.

"हे काढायला हवं," मी म्हटलं. "पुराव्यात माणूस नको. फक्त दगड."

मी तिच्याभोवती रेघ मारली आणि पुसलं. तिच्यासोबत कोपराही गेला. तिच्या खालचा, तिच्या आडचा दगड कोणत्याच फोटोत नव्हता. तिथे ती होती. भोक पडलं, आणि त्या भोकातून दोन्ही तुकडे पुन्हा सुटे दिसायला लागले. मी तीनदा पुसून बघितलं. तीनदा परत आणलं.

"राहू दे की," वैशाली म्हणाली.

"विचारलं तर?"

"विचारलं तर सांगू."

मला पटलं नव्हतं. माझं निवेदन चार पानी होतं आणि सगळं दगडावर होतं: छिन्नीचे घाव, खांब, कोरीव काम, वारसा. पाण्याबद्दल मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. पाणी म्हटलं की कंपनी म्हणणार नळ देतो, टँकर देतो, आणि सगळे मान डोलावणार. वारशाला टँकर देता येत नाही. असा माझा हिशेब होता आणि मी तो सगळ्यांना ठणकावून सांगितला होता.

वडगाव, मंगळवार

वडगावच्या कचेरीबाहेर झाडाखाली नेहमीची गर्दी: मुद्रांक, झेरॉक्स, वकील, ऊस रस. आबा, गौतमभाऊ, सुभद्रामावशी, वैशाली आणि मी. आत अधिकारी मॅडम होत्या, शांत, कागद नीट वाचणाऱ्या. समोर कंपनीचा माणूस, निळा इस्त्रीचा शर्ट, आणि त्याच्या टॅबलेटवर तीच हिरवळ, तोच निळा तलाव, तीच पोहणारी बाई.

मी लॅपटॉप उघडला. टाकं फिरवलं. पायऱ्या मोजून दाखवल्या, आत उतरले, खांबाची रुंदी मापली. मॅडम पुढे झुकल्या. मी मनातल्या मनात पुढचं पत्रक लिहायला घेतलं होतं.

"हे कंप्युटरवर काहीही करता येतं मॅडम," निळा शर्ट म्हणाला. "आमच्या माणसानं शनिवारी जाऊन बघितलंय. नवाकोरा चुना आहे तिथे. आणि आता ही मूर्ती बघा. कोपऱ्यावर. आमच्या सर्व्हेत मूर्ती नाही. वाद वाढवायला देव आणून बसवलाय यांनी."

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही मूर्ती कोणाची?"

मी तोंड उघडायच्या आत मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मूर्ती कुटली बाई? मी हाय ती."

सगळे वळले. मावशी उभी होती. तेच हिरवं लुगडं, धुऊन नेसलेलं. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत तिच्याकडे.

"तुम्ही इथे कशाला बसता मावशी?"

"पाळी लावाया. उन्हाळ्यात पानी थोडं. एक दीस वरची वाडी, एक दीस खालची वस्ती. घरटी दोन हंडं. बाळंतीण असंल तर तीन. कोपऱ्यावर बसलं की दोनी वाटा दिसत्यात, कुनी जास्ती भरलं तर कळतं."

"कधीपासून?"

"सासू बसायची, तिच्या मागनं मी."

"खालच्या वस्तीचं म्हणणं काय?" मॅडमनी गौतमभाऊंना विचारलं.

"खरं हाय मॅडम. आमच्यातलं कुनी बसलं तर वरचं ऐकनार न्हाईत, वरचं दुसरं कुनी बसलं तर आमी. हिचं दोगं बी ऐकतो. लय खाष्ट हाय."

"खाष्ट नसंल तर पानी पुरंल व्हय?" मावशी त्यांच्यावरच डाफरली.

मॅडमनी पेन उचललं. निळा शर्ट म्हणाला की कंपनी टँकर द्यायला तयार आहे. मावशीनं त्याच्याकडे बघितलं. "आनि टँकरवर कोन बसनार? तू?"

त्यानं टॅबलेट पालथा ठेवला. मॅडमनी जे लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: जागेवर कोरीव टाके असल्याचे दिसते, दोन्ही वस्त्या उन्हाळ्यात पिण्यासाठी पाणी घेतात, पाळीने वाटप होते, प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत रस्त्याचे कोणतेही काम करू नये. माझ्या चार पानांतून त्यांनी घेतली ती पहिली ओळ. बाकीच्या ओळी धोंड्यावरून आल्या होत्या.

पाहणी अजून व्हायची आहे. ती नीट होईल, कारण त्या दिवशी आम्ही सगळे तिथे असू, आणि या वेळी मी ग्रुपवर काहीही लिहिणार नाही.

बाहेर येऊन रस प्यायलो. आबांनी पैसे देऊ दिले नाहीत. मावशी म्हणाली, "दाव परत." मी बाकावर लॅपटॉप उघडला आणि तिचं बोट धरून फिरवायला शिकवलं. तिनं टाकं उलटंसुलटं केलं, पायऱ्या उतरली, खांबांपाशी गेली. "ह्या अंगाला मी कवा आलेच न्हाई," ती गौतमभाऊंकडे न बघता म्हणाली. मग तिनं कोपऱ्याभोवती वळसा घेतला, आणि स्वतःच्या मागे जाऊन थांबली.

ती पडद्याजवळ वाकली. वाकलेली पाठ, अंबाडा, ब्लाउजला मागे लावलेलं ठिगळ.

"लय वाकले की गं मी," ती म्हणाली. आणि मग वैशालीला: "पदर नीट कर म्हनून सांगायचं न्हाईस व्हय? समद्या कचेरीनं ठिगळ बगितलं."

"आई, तूच म्हनलीस लवकर आटप."

"मावशी, तुम्हाला काढू का यातून?" मी विचारलं. आता ते जमलं असतं. धोंड्याला चुना लागला नव्हता, पाहणीच्या दिवशी त्याचे वेगळे फोटो घेता आले असते.

"मी न्हाई तर तितं कोन बसनार?" तिनं लॅपटॉपचं झाकण लावलं, जरा जोरातच, आणि पिशवी उचलली. "उठा. आज खालच्या वस्तीची पाळी हाय. सांजच्याला बाया हंडं घिऊन उभ्या ऱ्हातील, आनि ही गाडी चुकली तर मोजायला कोन न्हाई तितं."